पस्तीस टक्क्यांची चौकट आणि शहराचा गाडा

सोलापूर : ड्रेनेज तुंबल्याची तक्रार घेऊन महापालिकेच्या विभागीय कार्यालयात गेलेल्या नागरिकाला अनेकदा ‘माणसे कमी आहेत’ असे उत्तर मिळते. त्याच्याच घरातील पदवीधर मुलगा महापालिकेत जागा निघणार का, अशी चौकशी करतो, तेव्हा त्याला ‘भरतीवर मर्यादा आहे’ असे ऐकावे लागते. दोन्ही उत्तरे खरी असतात. करायला काम आहे, काम मागणारे हात आहेत, पुष्कळदा कागदोपत्री मंजूर पदही आहे. तरीही माणूस नेमला जात नाही. हे कसे घडते, त्यामागील आर्थिक कारणे कोणती आणि तिजोरीची शिस्त सांभाळून पाणी, आरोग्य, स्वच्छता व अग्निशमन या सेवा वाचविता येतात काय, हे समजून घेणे प्रत्येक करदात्याच्या हिताचे आहे.

मर्यादा नेमकी कशावर?

महापालिकेचा खर्च ढोबळमानाने तीन भागांत विभागता येतो. कर्मचाऱ्यांचे वेतन, भत्ते व तत्सम देणी म्हणजे आस्थापना खर्च. वीजबिल, इंधन, दुरुस्ती, औषधे, ठेकेदारांची देयके हा दैनंदिन व्यवस्थेचा खर्च. रस्ते, जलवाहिन्या, इमारती हा भांडवली खर्च. यांपैकी आस्थापना खर्च महसुली उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असावा, असा राज्याच्या नगरविकास विभागाचा दंडक आहे. ही मर्यादा ओलांडलेल्या महापालिकेला नवी भरती करायची तर शासनाकडून अट शिथिल करून घ्यावी लागते.

या दंडकामागील हेतू अयोग्य म्हणता येणार नाही. नागरिकाने भरलेला कर सगळा पगारातच गेला, तर रस्ता कशातून व्हायचा आणि दिवे कशातून लागायचे? शिवाय एकदा नेमलेल्या कर्मचाऱ्याचे दायित्व तीस-पस्तीस वर्षे चालते. निवडणुकीच्या तोंडावर सवंग नेमणुका करून पुढच्या पिढीवर बोजा टाकण्याचा मोह लोकप्रतिनिधींना होऊ नये, यासाठी लगाम हवाच.

दुसरा लगाम कायद्यातच आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील कलम ५१ नुसार नवे पद निर्माण करण्यासाठी राज्य शासनाची पूर्वमंजुरी आवश्यक असते. त्यामुळे शहराला किती माणसे लागतात, याचा अंतिम निर्णय इंद्रभवनात न होता मंत्रालयात होतो. पदांचा आकृतिबंध मंजूर झाला, तरी सेवाप्रवेश नियम, आरक्षणाच्या बिंदुनामावलीची तपासणी, जाहिरात, परीक्षा, कागदपत्रांची छाननी हे टप्पे उरतातच. पद मंजूर असणे आणि पद भरलेले असणे यांत म्हणूनच कित्येक वर्षांचे अंतर पडू शकते. मधल्या काळात निवृत्ती मात्र थांबत नाही.

राज्याच्या हातात आखडता दोर

सोलापूरची स्थिती राज्याच्या धोरणापासून वेगळी काढता येत नाही. पाचव्या वेतन आयोगानंतर राज्याच्या तिजोरीवर ताण आला आणि २००१ मध्ये वित्त विभागाने सर्व विभागांना पदांचा आढावा घेऊन सुधारित आकृतिबंध ठरविण्यास सांगितले. २ मे २०१२ पासून शिक्षकभरतीला खीळ बसली. जून २०१५ मध्ये वित्त विभागाने पुन्हा निर्बंध घालून आकृतिबंध अंतिम होईपर्यंत रिक्त पदांपैकी ठराविक प्रमाणातच पदे भरण्यास मुभा दिली. २०१८ मध्ये ७२ हजार पदांच्या महाभरतीची घोषणा झाली. ती पुरी होण्याआधीच करोनाची साथ आली.

३१ ऑक्टोबर २०२२ च्या शासन निर्णयाने चित्र काहीसे पालटले. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त ७५ हजार पदे भरण्याचे ठरले. ज्या विभागांचा सुधारित आकृतिबंध मंजूर झाला होता, त्यांना सरळसेवेची सर्व रिक्त पदे आणि इतरांना ८० टक्क्यांपर्यंत पदे भरण्याची परवानगी मिळाली. वर्षानुवर्षे दार बंद राहिल्याने वयोमर्यादा ओलांडलेल्या उमेदवारांसाठी मार्च २०२३ मध्ये दोन वर्षांची सवलतही द्यावी लागली. त्या वर्षीच्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. धरणाचे दरवाजे फार काळ बंद ठेवून एकदम उघडले, की खाली काय होते, हे उजनीच्या पाण्यावर जगणाऱ्या जिल्ह्याला निराळे सांगायला नको.

सोलापूर महापालिकेनेही २०२३ मध्ये सुमारे ३०० पदांसाठी जाहिराती काढल्या. त्यांत लिपिक, अभियंता, परिचारिका व अग्निशमन अशी अनेक प्रकारची पदे होती. तथापि, दीर्घ खंडानंतर झालेली एक भरती म्हणजे भरतीचे धोरण नव्हे. दरवर्षी निवृत्त होणाऱ्यांची जागा दरवर्षी घेतली गेली नाही, तर काही वर्षांत आपण पुन्हा त्याच ठिकाणी येऊन उभे राहतो.

सोलापूरचे गणित अवघड का?

सोलापूर नगरपालिका १८५२ मधील. महापालिका झाली १ मे १९६४ रोजी. १९९२ च्या हद्दवाढीने शहराचे क्षेत्र सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. बाळे, शेळगी, देगाव, केगाव, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे अशी गावे शहरात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. दाट वस्तीच्या जुन्या पेठा आणि दूरवर विखुरलेल्या नव्या वसाहती अशा दोन्ही टोकांना एकाच वेळी सेवा द्यावी लागते. क्षेत्र वाढले, की झाडण्याच्या रस्त्याची लांबी, जलवाहिनीची लांबी आणि अग्निशमन बंबाला कापावे लागणारे अंतर या तिन्ही गोष्टी वाढतात. कराचे उत्पन्न मात्र तितक्या वेगाने वाढत नाही.

या गोष्टीला वयाचीही बाजू आहे. हद्दवाढीच्या सुमारास २८ वर्षांचा असलेला कर्मचारी २०२२ मध्ये ५८ वर्षांचा झाला. राज्यात तृतीय श्रेणीसाठी निवृत्तीचे वय ५८ आणि चतुर्थ श्रेणीसाठी ६० आहे. त्या काळात कामावर आलेली पिढी एकापाठोपाठ एक निवृत्त होत गेली. त्यांच्याबरोबर जमिनीखालील कोणती वाहिनी कोठे वळते, कोणती चावी किती फेरे सोडली म्हणजे टेकडीवरच्या घरात पाणी चढते, हे कोणत्याही नकाशात नसलेले ज्ञानही जाते. नवा माणूस जुन्याच्या हाताखाली काही महिने वावरला तर ते ज्ञान टिकते. पद पाच वर्षे रिकामे राहिले तर ते कायमचे नाहीसे होते.

उत्पन्नाची बाजू तर मुळातच बदलली. जकात गेली, स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. महापालिकांना त्यापोटी राज्याकडून नुकसानभरपाईचे अनुदान मिळते. दरमहाच्या पगाराची भिस्त ज्या रकमेवर असते, ती रक्कम आता महापालिकेच्या स्वत:च्या वसुलीतून येत नाही. स्वत:च्या हातात राहिलेले मोठे साधन म्हणजे मिळकतकर आणि पाणीपट्टी. त्यांची वसुली हा मुद्दा भरतीशी थेट जोडलेला आहे, तो कसा ते पुढे पाहू.

टक्केवारीला बंब आणि फाईल सारखेच

३५ टक्क्यांच्या दंडकातील खरी अडचण अशी, की तो पगार मोजतो, काम मोजत नाही. एका लिपिकाचे पद रिकामे राहिले आणि एका फायरमनचे पद रिकामे राहिले, तर टक्केवारीच्या हिशेबात दोन्ही बचती जवळपास सारख्याच दिसतात. नागरिकाच्या दृष्टीने त्या सारख्या नाहीत. लिपिकाच्या अनुपस्थितीत फाईल चार दिवस उशिरा हलेल. बंबावर माणूस नसेल तर चार मिनिटांचाही उशीर परवडणार नाही.

चोवीस तास चालणाऱ्या सेवेचे गणितही वेगळे असते. एका जागेवर तीन पाळ्यांत सतत माणूस उभा करायचा, तर आठवड्याच्या २१ पाळ्या होतात. एक कर्मचारी आठवड्यात सहा पाळ्या करतो. म्हणजे केवळ साप्ताहिक सुटी धरली तरी साडेतीन माणसे लागली. किरकोळ रजा, अर्जित रजा, आजारपण आणि प्रशिक्षण यांसाठी वर्षात ४० दिवस धरले, तर ही संख्या चारवर जाते. एका बंबावर सहा जण लागतात असे समजू. तर तो बंब वर्षभर अहोरात्र सज्ज ठेवण्यासाठी २४ माणसे हवीत. त्यांतील सहा पदे रिकामी राहिली, तर कागदावर ती २५ टक्के तूट दिसते. प्रत्यक्षात मात्र एक तर पाळी लांबते, किंवा सुट्या रद्द होतात, किंवा सहाऐवजी चार-पाच जणांनिशी बंब निघतो. हेच गणित जलशुद्धीकरण केंद्रातील पंपचालकाला, प्रसूतिगृहातील परिचारिकेला आणि रुग्णवाहिकेच्या चालकाला लागू पडते.

सोलापूर हे कापड आणि टॉवेलचे शहर आहे. सूत, कापूस, रसायने आणि यंत्रे यांच्या शेजारी माणसे राहतात. १८ मे २०२५ रोजी पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनेची कारणे अनेक असतात आणि केवळ मनुष्यबळाशी तिचा संबंध जोडणे योग्य होणार नाही. परंतु ज्या शहरात अशी आग लागू शकते, त्या शहराने अग्निशमन दलातील पद आणि कार्यालयातील पद एकाच तागडीत तोलू नये, एवढा बोध त्यातून घ्यायलाच हवा.

अत्यावश्यक सेवा कोणत्या, याचा शोध नव्याने घ्यावा लागत नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आणि कलम ६६ मध्ये स्वेच्छाधीन कर्तव्ये दिलेली आहेत. रस्त्यांची सफाई, सांडपाण्याची व्यवस्था, पाणीपुरवठा, आग विझविणे, साथरोगांना आळा घालणे ही कामे बंधनकारक आहेत. एकीकडे कायदा ही कामे टाळता येणार नाहीत असे म्हणतो आणि दुसरीकडे ती करणारा माणूस नेमण्यासाठी इतर सर्व पदांइतकेच निर्बंध लागू होतात. या दोन आज्ञांचा मेळ घालण्याची जबाबदारी शेवटी आयुक्तांवर आणि सभागृहावर येऊन पडते.

ठेक्याची पळवाट

हा मेळ घालण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ठेका. त्याचे आकर्षण समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. एखाद्या महापालिकेचे महसुली उत्पन्न १०० रुपये आणि आस्थापना खर्च ४० रुपये आहे. पाच रुपयांचे कर्मचारी निवृत्त झाले आणि त्यांचे काम ठेकेदाराकडे दिले. आस्थापना खर्च ३५ रुपयांवर आला. दंडक पाळला गेला. मात्र ठेकेदाराचे देयक आता दुसऱ्या शीर्षाखाली नोंदले जाते. काम तेच, ते करणारी माणसेही बहुधा त्याच गल्लीतील, पगार कमी आणि मध्ये ठेकेदाराचा नफा. एकूण खर्च किती घटला, हे या टक्केवारीवरून कळत नाही.

ठेका पद्धत सर्वत्र वाईट असते असे नाही. पंढरपुरात आषाढीला लाखो वारकरी येतात, सोलापुरात जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. अशा वेळी पंधरा-वीस दिवसांसाठी जादा सफाई कामगार घ्यावे लागतात. त्यांना कायम नेमणे शहाणपणाचे ठरणार नाही. एखादे संगणकीय काम सहा महिन्यांत संपणारे असेल, तर तेही बाहेरून करून घ्यावे. कसोटी एकच आहे : काम हंगामी की बारमाही? १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही काम बारमाही स्वरूपाचे आहे काय, हा निकष होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता अमलात आल्या आणि त्या कायद्याची जागा संहितेने घेतली. परंतु हा प्रश्न विचारण्याची गरज संपलेली नाही. रोज सकाळी झाडायचा रस्ता हंगामी कसा म्हणावा?

न्यायालयांनीही या विषयाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, रीतसर स्पर्धेशिवाय नेमलेल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना कायम होण्याचा हक्क नाही, असा निर्वाळा दिला. मागच्या दाराने होणाऱ्या नेमणुकांना त्यामुळे चाप बसला. पुढे एप्रिल २०१७ मध्ये मुंबई महापालिकेतील सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो विरुद्ध केंद्र सरकार या खटल्यात न्यायालयाने, वर्षानुवर्षे नियमित काम करून घेऊन उमादेवी निकालाची ढाल पुढे करता येणार नाही, असे बजावले. म्हणजे आज ठेक्यावर ढकललेला खर्च उद्या न्यायालयाच्या आदेशाने थकबाकीसह परत येऊ शकतो. तो तेव्हा कोणत्या टक्केवारीत बसवायचा?

राज्य शासनालाही याची झळ बसली. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ संस्थांमार्फत बाह्यस्रोताने मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला. सुशिक्षित तरुणांमध्ये तीव्र असंतोष उमटला आणि ऑक्टोबर अखेरीस तो रद्द करावा लागला.

बंदी होती, तरी दार उघडे ठेवले

निर्बंध आणि सेवा यांचा मेळ घालता येतो, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. ४ मे २०२० रोजी, टाळेबंदीने उत्पन्न आटले असताना, वित्त विभागाने विकासखर्च ३३ टक्क्यांवर आणला आणि नव्या पदभरतीवर बंदी घातली. त्या आदेशातून सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या विभागांना वगळण्यात आले. तिजोरीची अवस्था त्याहून वाईट होणे कठीण होते. तरीही कोणते दार बंद करायचे आणि कोणते उघडे ठेवायचे, हे एका आदेशात सांगता आले.

मात्र केवळ परवानगीने खाट सांभाळणारी परिचारिका उभी राहत नाही, हेही त्याच साथीने शिकविले. सोलापूरच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात जिल्ह्यातील अकरा तालुक्यांबरोबरच धाराशिव आणि सीमेपलीकडील कलबुर्गी, विजयपूर भागांतूनही रुग्ण येतात. साथीत राज्यभर तातडीने कंत्राटी परिचारिका, तंत्रज्ञ आणि वॉर्डबॉय नेमले गेले. अतिदक्षता विभागात काम करू शकणारी परिचारिका घडायला वर्षे लागतात आणि ती वर्षे संकटापूर्वीची असावी लागतात.

नाशिक महापालिकेचे उदाहरणही या संदर्भात महत्त्वाचे आहे. तेथे आस्थापना खर्च ३५ टक्क्यांपलीकडे गेल्याने भरती अडली होती. करोनानंतर राज्य शासनाने अग्निशमन आणि वैद्यकीय विभागांतील सातशेच्या आसपास पदांसाठी ही अट शिथिल केली. सर्व पदांसाठी सरसकट सूट मागण्याऐवजी सेवेनुसार सूट मागता येते आणि ती मिळूही शकते, हे यातून दिसते. सूट अपवाद म्हणून मिळाली, ही या उदाहरणाची मर्यादा. शहरागणिक पाठपुरावा करून मिळविण्याऐवजी ती नियमाचाच भाग असायला हवी.

बाहेरचा अनुभव

सरसकट बंदीचा अनुभव इतरत्रही घेतला गेला आहे. केंद्र सरकारने मे २००१ मध्ये सरळसेवेच्या रिक्त पदांपैकी केवळ एक-तृतीयांश पदे भरण्याचे धोरण आणले. ते २००९ पर्यंत चालले. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर आणि रेगन यांच्या कारकिर्दीत केंद्रीय नोकरभरती वेळोवेळी गोठविण्यात आली. त्याचा आढावा घेऊन तेथील संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने १९८२ मध्ये अहवाल दिला. गोठवणुकीने कर्मचारीसंख्येवर फारसा परिणाम झाला नाही, अपेक्षित बचत झाली नाही, उलट कामकाज विस्कळीत झाले, असा त्याचा निष्कर्ष होता. कारण उघड आहे. गोठवणुकीत पद कोठे रिकामे व्हावे, हे सरकार ठरवीत नाही. कोण आधी निवृत्त होतो, कोण नोकरी सोडतो, यावर ते ठरते. त्यामुळे जेथे माणसे जास्त तेथे ती तशीच राहतात आणि जेथे आधीच टंचाई तेथे ती वाढते.

कर्जसंकटात सापडलेल्या ग्रीसने २०१० नंतर पाच जण गेल्यावर एकाची नेमणूक असा नियम केला. तो एकूण सरकारी यंत्रणेला लागू असल्याने एका खात्यातून वाचलेली पदे दुसऱ्या खात्याकडे वळविण्यास निदान तत्त्वत: जागा होती. मर्यादा एकूण आकड्यावर ठेवायची आणि आतील वाटप गरजेनुसार करायचे, हा त्यातील घेण्याजोगा भाग होय.

शिस्त राहील, सेवाही राहील

या सर्वांतून सोलापूरसारख्या मध्यम महापालिकेला काय करता येईल?

पहिली गोष्ट, पदांची विभागणी सेवेनुसार करणे. कलम ६३ मधील बंधनकारक कामांपैकी ज्यांत खंड पडल्यास जीविताला धोका आहे, अशा पदांची स्वतंत्र यादी करावी. अग्निशमन, जलशुद्धीकरण व पंपगृहे, प्रसूती व साथरोग नियंत्रण, मलनि:सारण ही त्यातील उघड नावे. या यादीसाठी किमान मनुष्यबळ ठरवावे. त्याखाली संख्या गेली, की भरतीची परवानगी आपोआप लागू व्हावी, अशी मागणी महापालिकेने शासनाकडे केली पाहिजे. उरलेल्या पदांना मर्यादेची कात्री लागली तरी हरकत नाही.

दुसरी गोष्ट, निवृत्तीचे वेळापत्रक. संप किंवा पूर अचानक येतो. निवृत्ती अचानक येत नाही. कोणता कर्मचारी कोणत्या महिन्यात निवृत्त होणार, हे तो नोकरीला लागतो त्याच दिवशी सेवापुस्तकात लिहिलेले असते. पुढील पाच वर्षांचे विभागवार वेळापत्रक अंदाजपत्रकासोबत सभागृहापुढे ठेवले आणि अत्यावश्यक पदांसाठी जागा रिकामी होण्याच्या वर्षभर आधी भरतीची प्रक्रिया सुरू केली, तर नवा माणूस जुन्याकडून काम शिकून घेऊ शकेल.

तिसरी गोष्ट, हिशेबातील प्रामाणिकपणा. कायम कर्मचाऱ्यांचे वेतन, ठेक्यावरील मनुष्यबळाची देयके आणि मानधनावरील नेमणुका यांची बेरीज एका तक्त्यात प्रसिद्ध करावी. ३५ टक्क्यांचा आकडा त्या बेरजेशेजारी दिसला, तर ठेक्याने खरोखर बचत होते की केवळ शीर्ष बदलते, हे कोणालाही पडताळता येईल. यासाठी शासनाच्या परवानगीची आवश्यकता नाही.

चौथी गोष्ट, भागाकारातील खालचा आकडा. वरील उदाहरणातील १०० रुपये उत्पन्न आणि ४० रुपये आस्थापना खर्च असलेल्या महापालिकेला ३५ टक्क्यांत येण्यासाठी माणसे कमी करणे हा एकच मार्ग नाही. उत्पन्न ११४ रुपयांच्या थोडे पुढे गेले, तरी तेच ४० रुपये मर्यादेत बसतात. नोंद नसलेल्या मिळकती शोधणे, वाढीव बांधकामाची आकारणी करणे, बड्या थकबाकीदारांकडून वसुली करणे यांचा अर्थ असा, की मिळकतकराचा प्रत्येक वसूल रुपया परिचारिकेच्या किंवा फायरमनच्या पदासाठी जागा तयार करतो. याच कारणाने करआकारणी विभागातील लिपिकाला ‘अनावश्यक’ म्हणून निकालात काढता येत नाही. तो उत्पन्न आणणारा माणूस आहे. भरतीबंदीत वसुली करणारेच कमी झाले, तर उत्पन्न घटते आणि टक्केवारी आणखी बिघडते. काटकसर अशा वेळी आपलेच शेपूट गिळू लागते.

पाचवी गोष्ट, नव्या कामांबरोबर माणसांचा विचार. सोलापूर जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत निवडले गेले. उजनीपासून सुमारे ११० किलोमीटरच्या समांतर जलवाहिनीसारखी मोठी कामे हाती घेण्यात आली. वाहिनी टाकण्यासाठी केंद्राचे आणि राज्याचे पैसे मिळू शकतात. पंप चालविणारा, गळती शोधणारा आणि चावी सोडणारा माणूस मात्र महापालिकेलाच पोसावा लागतो. कोणत्याही प्रकल्पाला मंजुरी देताना तो चालविण्यासाठी किती पदे लागतील आणि त्यांचे वेतन कोठून येईल, याचे एक पान प्रस्तावाला जोडणे सक्तीचे असावे.

अत्यावश्यक सेवेतील माणसांवर बंधनेही अधिक असतात, हे येथे विसरता कामा नये. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातील कर्मचारी संपावर गेले, त्याच दिवसांत विधिमंडळाने अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा संमत केला. ज्या सेवेत संपाचा हक्क आकुंचित होतो, त्या सेवेत पदे रिकामी ठेवून उरलेल्यांवर दुप्पट भार टाकणे न्याय्य ठरत नाही. सेवा थांबू नये, ही अपेक्षा कर्मचाऱ्याइतकीच शासनालाही लागू झाली पाहिजे.

पुढील वळण

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या महापुराने माढा, मोहोळ, करमाळ्यासह जिल्ह्यातील अनेक गावे वेढली. त्या दिवसांत लोकांना बाहेर काढणे, पाणी शुद्ध करून देणे, पंचनामे करणे हे काम आकृतिबंधातील भरलेल्या पदांनीच केले. राज्यात सात लाखांहून अधिक मंजूर पदांपैकी दोन लाखांहून अधिक पदे गेली काही वर्षे रिक्त आहेत, हा आकडा एरवी रूक्ष वाटतो. पुराच्या रात्री त्याचा अर्थ कळतो.

आठव्या वेतन आयोगाची स्थापना केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली आहे. त्याच्या शिफारशी आज ना उद्या राज्याकडे आणि तेथून महापालिकांकडे येतील. एकही नवा माणूस न नेमता आस्थापना खर्चाची टक्केवारी त्या दिवशी वर जाईल आणि भरतीला पुन्हा लाल कंदील दाखविण्याची सूचना होईल. तोवर कोणती पदे रिकामी ठेवता येत नाहीत, याची यादी तयार असेल, तर काटकसरीची कात्री योग्य जागी चालेल. यादी नसेल, तर ती जेथे निवृत्ती आधी आली तेथे चालेल. महापालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकी सभेत ही यादी मागण्याचा अधिकार नगरसेवकांना आहे, आणि आपल्या नगरसेवकाला त्याबद्दल विचारण्याचा अधिकार मिळकतकराची पावती हाती असलेल्या प्रत्येक सोलापूरकराला आहे.